तीन आकड्यांचा हिशेब

‘शॉर्टसर्किटमुळे आग’ ही बातमी आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. पण आग लागायला दर वेळी शॉर्टसर्किटच व्हावं लागतं असं नाही. बोर्डातला एखादा सैल स्क्रूही त्याला पुरतो. तो कसा, हे समजण्यासाठी गुणाकार आणि भागाकार येत असला की झालं. आज आपण तोच हिशेब करणार आहोत.

विजेचा दाब मोजतात व्होल्टमध्ये. आपल्या घरी तो साधारण २३० व्होल्ट असतो. तारेतून वाहणारा प्रवाह मोजतात ॲम्पिअरमध्ये आणि त्या प्रवाहाला होणारा अडथळा, म्हणजे रोध, मोजतात ओहममध्ये. दाबाला प्रवाहाने भागलं की रोध मिळतो. हा नियम गेओर्ग सायमन ओहम या जर्मन शिक्षकाचा. कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता त्यांनी प्रयोग केले आणि १८२७ साली पुस्तकरूपाने मांडले. मायदेशात त्यांचं फारसं कौतुक झालं नाही. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या कामाची किंमत कळली.

दुसरा नियम शक्तीचा. दाबाला प्रवाहाने गुणलं की वॅट मिळतात. आता हे दोन्ही नियम घरात लावून पाहू. गिझरवरच्या छोट्या पट्टीवर २००० वॅट असं लिहिलेलं असतं. २००० ला २३० ने भागा. उत्तर येतं ८.७ ॲम्पिअर. आता २३० ला ८.७ ने भागा. साधारण साडेसव्वीस ओहम, हा त्या गिझरमधल्या कॉइलचा रोध. घरातला लहान सॉकेट असतो ६ ॲम्पिअरचा. २३० गुणिले ६, म्हणजे १३८० वॅट. त्याला २००० वॅटचा गिझर जोडणं म्हणजे दोन माणसांच्या स्कूटरवर तिघांनी बसणं. पिन बसते म्हणून जोडायची, हा विचार इथे चालत नाही. गिझरला १६ ॲम्पिअरचा सॉकेट आणि त्याला साजेशी जाड तारच हवी.

आता त्या सैल स्क्रूकडे वळू. समजा, सॉकेटमागे तार नीट आवळलेली नाही आणि त्या जागी अवघा अर्धा ओहम रोध तयार झाला आहे. एकूण रोध झाला सुमारे २७ ओहम, प्रवाह साडेआठ ॲम्पिअर. रोधामध्ये होणारी उष्णता काढायची तर प्रवाहाचा वर्ग करून त्याला रोधाने गुणायचं. साडेआठ गुणिले साडेआठ म्हणजे ७२, त्याचं निम्मं ३६ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची लहान सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते आणि ती शिसं-कथलाचा डाग वितळवते. त्याहून जास्त उष्णता वाटाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या खोक्यात, अर्धा-अर्धा तास साठत राहते.

यातली खरी मेख पुढेच आहे. रोध वाढल्यामुळे प्रवाह ८.७ वरून साडेआठवर आला, म्हणजे कमीच झाला. फ्यूज किंवा एमसीबी पाहते ती प्रवाह जास्त झाला का एवढंच. तिच्या लेखी इथे सगळं ठीक आहे. म्हणून ती पडत नाही आणि प्लास्टिक जळत राहतं. अशा वेळी पहारेकरी आपणच. पिन काढल्यावर हाताला चटका बसणं, सॉकेट तपकिरी पडणं, जळकट वास, दिवा मधूनच फडफडणं, या खुणा दिसल्या की मेन स्विच बंद करायचा आणि परवानाधारक वायरमनला बोलवायचं.

हाच भागाकार माणसाच्या शरीरालाही लागू पडतो. कातडी कोरडी असली तर तिचा रोध बराच जास्त असतो. अंग ओलं असलं की तो हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ ॲम्पिअर. साध्या ६० वॅटच्या बल्बमधून जवळजवळ एवढाच प्रवाह जातो. बल्बला तो किरकोळ, पण माणसाचं हृदय बंद पाडायला तो पुरेसा आहे. पाच ॲम्पिअरचा फ्यूज एवढ्याशा प्रवाहाने वितळणारच नाही. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, माणसाला नव्हे. माणसासाठी आरसीसीबी नावाचं उपकरण असतं. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ०.०३ ॲम्पिअरचा फरक पडला की ते क्षणार्धात वीज तोडतं. सोबत चांगलं अर्थिंगही हवंच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा सरळ हिशेब गिझर, शेगडी, इस्त्री अशा तापणाऱ्या वस्तूंना चोख लागू पडतो. पंप, फ्रिज यांच्या मोटारीला तो तसाच लावता येत नाही. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि दाब कमी झाला तर पंपाची मोटार जास्त प्रवाह ओढून जळते.

आज घरातल्या प्रत्येक वस्तूवरची पट्टी वाचा आणि वॅटला २३० ने भागा. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर काय काय जोडलंय, त्याची बेरीज करा. बेरीज सहाच्या वर गेली, तर त्यातली एक पिन आत्ताच काढा.