धूम्रपान सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे



धूम्रपानाने होणाऱ्या हानीविषयी शाळेच्या भिंतीपासून सिगारेटच्या पाकिटापर्यंत सर्वत्र लिहिलेले आढळते. परंतु धूम्रपान सोडल्यानंतर शरीरात जे फेरफार होतात, त्यांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. हे मौन अनेकांना महागात पडते. वाळूज किंवा चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहतीत काम करणारा, वीस वर्षे विडी ओढणारा एखादा कामगार डोळ्यांसमोर आणावा. एके दिवशी तो निश्चयाने विडी सोडतो. तिसऱ्या दिवशी त्याचे डोके जड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. आठवडाभरात तोंड येते, खोकला वाढतो. घरातील माणसे म्हणू लागतात, "विडी होती तोवर बरा होता, सुटली आणि दुखणे मागे लागले." पंधरवडा उलटण्यापूर्वीच त्याच्या खिशात पुन्हा विडीचे बंडल दिसते. त्याचा निश्चय कच्चा होता, असा निष्कर्ष लोक काढतात. वस्तुतः निश्चय पुरेसा होता. पुढे काय होणार याची माहिती तेवढी नव्हती.

ही माहिती सोपी आहे. तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य धुराबरोबर फुप्फुसांत जाते आणि काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. वर्षानुवर्षे ते मिळत राहिले म्हणजे मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो आणि त्याच्या उपस्थितीलाच स्वाभाविक स्थिती समजू लागतो. निकोटीन रक्तातून लवकर उतरते. सुमारे दोन तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणूनच दर थोड्या वेळाने तलफ येते. पुरवठा थांबला की मेंदूला पूर्वस्थितीवर येण्यास काही आठवडे लागतात. या काळातील अस्वस्थता म्हणजे नवा आजार नव्हे. जुन्या सवयीची ती फेड होय.

या फेडीचे एक वेळापत्रक असते आणि ते ठाऊक असणे हा मोठाच आधार आहे. शेवटची विडी विझल्यावर काही तासांतच बेचैनी सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वाधिक असते. चिडचिड, उदासपणा, कामात लक्ष न लागणे, झोपमोड, डोकेदुखी ही तिची लक्षणे. त्यानंतर ती ओसरू लागते आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत बरीचशी निवते. तलफ पुढेही अधूनमधून येते. पण ती काही मिनिटेच टिकते. ती मिनिटे पाण्याचा पेला, मूठभर फुटाणे किंवा चार पावले चालणे यांत निघून जातात. सुपारीचा आधार मात्र घेऊ नये, कारण सुपारी स्वतःच कर्करोगास कारणीभूत ठरते.

आता शरीराच्या तक्रारी क्रमाने पाहता येतील. पहिली खोकल्याची. श्वासनलिकांच्या आतील बाजूस सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. धूळ व कफ वर ढकलून बाहेर काढणे हे त्यांचे काम. धुराने ते निकामी होतात. धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ बाहेर येऊ लागतो. त्यामुळे काही जणांचा खोकला प्रारंभी वाढतो. पुढील महिन्यांत तो कमी होत जातो आणि दमही पूर्वीइतका लागत नाही.

दुसरी तक्रार पोटाची. विडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, हा समज खेड्यात आणि शहरात सारखाच रूढ आहे. त्यात थोडे तथ्यही आहे, कारण निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते. ते बंद झाल्यावर काहींना बद्धकोष्ठता जाणवते. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी आणि सकाळचे चालणे हा त्यावरील साधा उपाय. त्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने सौम्य औषध घेता येते.

तिसरी तक्रार तोंड येण्याची. पहिल्या दोन आठवड्यांत अनेकांच्या तोंडात बारीक, दुखरे फोड येतात आणि बहुधा आपोआप बरे होतात. चौथी गोष्ट वजनाची. निकोटीन भूक मारते आणि शरीरातील ऊर्जेचा खर्च किंचित वाढवते. शिवाय धूम्रपान सुटल्यावर जिभेची चव आणि नाकाचा वास परत येतो. साहजिकच जेवण वाढते. पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते, असे आढळले आहे. ही वाढ आहाराने व व्यायामाने आवरता येते, आणि तिच्यामुळे धूम्रपान सोडल्याचा लाभ नाहीसा होत नाही. मधुमेही व्यक्तीने मात्र या काळात रक्तातील साखर वरचेवर तपासून घ्यावी.

पाचवी गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. ती चहाशी संबंधित आहे. तंबाखूच्या धुरातील काही घटकांमुळे यकृतातील एक विकर अधिक वेगाने काम करते आणि चहा-कॉफीतील कॅफीन लवकर निकामी होते. धूर थांबला की हा वेग काही दिवसांत उतरतो. माणूस चहा पूर्वीइतकाच पितो; पण रक्तातील कॅफीनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊ शकते. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री डोळ्याला डोळा न लागणे, या साऱ्याचा दोष विडी सोडण्यावर जातो. त्यातील काही वाटा वास्तविक चहाचा असतो. यास्तव विडी सोडताना चहा निम्म्यावर आणणे हिताचे ठरते.

हेच तत्त्व काही औषधांनाही लागू पडते. दम्यासाठी दिले जाणारे थिओफिलिन आणि मानसिक आजारांवरील क्लोझापिन व ओलान्झापिन ही औषधेही त्याच मार्गाने शरीराबाहेर जातात. धूम्रपान थांबताच त्यांचे रक्तातील प्रमाण वाढते आणि पूर्वीची मात्रा जास्त होऊ शकते. अशा रुग्णाने धूम्रपान अवश्य सोडावे. परंतु सोडत असल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. औषध आपल्या मनाने कमी करू नये वा बंदही करू नये.

या काळातील सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. त्रास असह्य झाला की पुष्कळ जण विडीऐवजी तंबाखू-चुना मळू लागतात किंवा दातांना मशेरी लावतात आणि व्यसन सुटल्याचे समाधान मानतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे आढळले. तंबाखूची चिमूट सहज पुढे करणारा हात घरोघरी असताना ही अदलाबदल किती सोपी आहे, हे या आकड्यांवरून कळते. निकोटीन तेच राहते. जखम फुप्फुसाऐवजी गालात होते.

सोसण्याच्या पलीकडे त्रास होत असेल तर त्यावर शास्त्रीय उपचार आहेत. निकोटीनचा च्युइंगगम किंवा त्वचेवरील पट्टी धुरातील विषारी द्रव्यांवाचून थोडे निकोटीन पुरवते आणि ते प्रमाण पुढे क्रमाने कमी केले जाते. २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत या उपचाराचा समावेश झाला. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनीद्वारे समुपदेशन मिळू शकते; २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर हा क्रमांक छापला जाऊ लागला.

एक सावधगिरी मात्र विसरता कामा नये. प्रत्येक तक्रार धूम्रपान सोडल्याचीच आहे असे मानणेही घातक ठरते. कफातून रक्त पडणे, छातीत दुखणे, वाढत जाणारी धाप किंवा कारण नसताना वजन घटणे ही व्यसनमुक्तीची लक्षणे नव्हेत. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी केंद्रांत विनामूल्य होते. तोंडातील जखम, पांढरा अथवा लाल चट्टा तीन आठवड्यांत भरून आला नाही, तर विलंब न करता तोंड दाखवावे. उदासपणा खोल गेला, जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. छत्रपती संभाजीनगर शहरात या दृष्टीने सोय आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेले आणि 'घाटी' या नावाने सर्व मराठवाड्यास परिचित असलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, शासकीय दंत महाविद्यालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय या संस्था येथे आहेत. कन्नड-सिल्लोडपासून पैठण-वैजापूरपर्यंतच्या रुग्णाने पहिली तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी आणि तेथील डॉक्टरांनी पाठविल्यास शहरात येण्यास कचरू नये.

सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादनांविषयीचा कायदा २००३ मध्ये झाला आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. कायदा टपरीवर आणि कचेरीत उपयोगी पडतो. विडी सोडणाऱ्याच्या घरात मात्र शेजारधर्मच कामी येतो. एखाद्या शिक्षकाने सिगारेट सोडली आणि आठवडाभर तो तुटकपणे बोलू लागला, तर सहकाऱ्यांनी ते मनावर घेऊ नये. कार्यालयातील अधिकाऱ्याने अशा कर्मचाऱ्याला चहाच्या वेळी टपरीवर येण्याचा आग्रह होऊ देऊ नये. ग्रामपंचायत सदस्याने ग्रामसभेत केवळ "विडी सोडा" असे न सांगता, सोडल्यावर तिसरा दिवस सर्वांत जड जातो आणि महिन्याभरात बराचसा त्रास ओसरतो, हेही सांगावे. आशा स्वयंसेविकेने त्या तिसऱ्या दिवशी त्या घरी एक फेरी मारली, तर तिचा उपयोग फलकांपेक्षा अधिक होईल.

त्रासाच्या याच दिवसांत शरीर आपले काम मुकाट्याने करीत असते. शेवटच्या विडीनंतर वीस मिनिटांत नाडीचा वेग उतरू लागतो. एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड स्वाभाविक पातळीवर येतो. दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण आणि फुप्फुसांची क्षमता सुधारते. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका सुमारे निम्म्यावर येतो. वाळूजच्या त्या कामगाराला हे कोणी आधी सांगितले असते, तर तिसऱ्या रात्री झोप न लागता कूस बदलत असताना विडी सुटते आहे, हे त्याने ओळखले असते. आणि घरच्यांनीही त्याला बंडल आणून देण्याऐवजी तांब्याभर पाणी उशाशी ठेवले असते.