कानामागची मक्तेदारी

1978 साली मेलबर्न विद्यापीठातील ग्रॅम क्लार्क यांच्या चमूने बहुवाहिनी कॉक्लियर इम्प्लांट माणसाच्या कानात बसविले. त्या संशोधनामागे ऑस्ट्रेलियन जनतेच्या वर्गण्या होत्या, सरकारी पैसा होता. आज जगाचा बहुतेक बाजार मोजक्या कंपन्यांच्या मुठीत आहे. भारतात केंद्राच्या ‘अडिप’ योजनेतून गरीब बालकांना हे यंत्र मिळते, ते स्वागतार्हच. परंतु कातडीखालचा भाग ज्या कंपनीचा, बाहेरचा प्रोसेसरही तिचाच घ्यावा लागतो. तो बिघडला, वायर तुटली, मॉडेल बंद पडले, की शेतमजुराचे मूल पुन्हा बहिरे! (वाचा-उपचारासाठी बुडणारी मजुरी निराळीच.) म्हणून खरेदीच्या करारातच सुट्या भागांचे दर व दीर्घ मुदतीचा पुरवठा सरकारने बांधून घ्यावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत लावून धरली पाहिजे.