तान्हे बाळ आणि आपली आवडती गाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी लोणच्या-पापडांवर बोलते, कोणी बचतीवर. यंदा बोलण्याचा मान मला दिलात, त्याबद्दल मी आभारी आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली. राग-तालांची नावे मला येत नाहीत. पण तीन मुले मांडीवर वाढवली आणि आता मांडीवर नातू आहे. तेव्हा तान्ह्या बाळाला आपण कोणती गाणी ऐकवावीत, याविषयी चार शब्द सांगितले तर ते आगाऊपणाचे होणार नाहीत, असे वाटते.

हा विषय सुचला तो घरातच. माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. तिला ‘सैराट’ची गाणी जीव की प्राण. २०१६ साली तो चित्रपट आला तेव्हा ती शाळेत होती. अजय-अतुल यांची ती गाणी तिला तोंडपाठ. बाळाला मांडीवर घेऊन ती तीच गुणगुणायची. एके दिवशी बाळाला पाहायला आलेल्या एका वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “अगं, काय घालतेस लेकराच्या कानांवर? सिनेमाची गाणी ऐकून पोर तसंच निघायचं. श्लोक म्हण, अभंग म्हण.” मुलगी गप्प झाली. आधीच ती थकलेली, रात्रीची झोप नाही, ऊठसूट डोळ्यांत पाणी. त्यात गाणेही बंद झाले. बाळ रडले की मोबाइल लावून पाळण्यापाशी ठेवू लागली. बाळ मोबाइलकडे बघत गप्प आणि ही भिंतीकडे बघत गप्प!

म्हणून मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सिनेमाचे गाणे बाळाला वर्ज्य का? आणि घरात आईचा गळा असताना बाळाला यंत्राच्या हवाली का करावे?

पहिली गोष्ट घेऊ. ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ हा चित्रपट १९७७ सालचा. त्यात सुमन कल्याणपूर यांनी गायिलेली, मधुसूदन कालेलकरांची अंगाई आज घरोघरी म्हणतात. कित्येकींना तर ती पणजी-आजीपासून चालत आलेली वाटते. पण ती आली सिनेमातूनच ना?

माझे स्वतःचे आवडते गाणे १९६५ सालच्या ‘साधी माणसं’मधले. भालजी पेंढारकरांचा चित्रपट, गाणे जगदीश खेबुडकरांचे. ‘आनंदघन’ या नावाने संगीत दिले लताबाईंनी आणि गायिल्याही त्याच. लोहाराच्या संसारातले, ऐरणीच्या देवाजवळ मागणे मागणारे ते गाणे. त्याचा ठेका पाळण्याच्या दोरीला असा काही बसतो की हात आपोआप हलू लागतो. माझी तिन्ही मुले त्या गाण्यावर झोपली. कष्टाची लाज नसलेले गाणे लेकराच्या कानी पडले, तर त्यात वावगे ते काय?

त्याही आधीचे पाहू. जात्यावर दळताना आपल्या आज्या-पणज्या ओव्या म्हणत आणि मांडीवर पोर झोपलेले असे. त्या ओव्यांत विठोबा होता, तसा सासुरवास होता, भाऊ होता, बाजारहाटही होता. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बाईच्या मनात जे असे, तेच तिच्या तोंडी येई आणि तेच बाळ ऐके. जाती गेली, गिरण्या आल्या. ओवीची जागा रेडिओवरच्या गाण्याने घेतली. गाणे बदलले, मांडी तीच राहिली.

अभंग म्हणू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. मी रोज म्हणते. पण कोणी दटावले म्हणून ओढूनताणून म्हटलेला अभंग आणि आवडीने म्हटलेले साधे गाणे, यांत बाळ दुसऱ्यालाच लवकर शांत होते. त्याला शब्दांचा अर्थ कळत नाही. म्हणणारीचा जीव त्यात आहे की नाही, हे मात्र कळते. एखाद्या गाण्याचे शब्द आपल्याला नको वाटत असतील तर नुसती चाल गुणगुणावी.

आता दुसरी गोष्ट. अभिमन्यूने सुभद्रेच्या पोटात असताना चक्रव्यूह ऐकला, ही कथा आपण सर्वजणी जाणतो. कथेचे राहू द्या, पण पोटातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात आणि त्यात आईचा आवाज सर्वांत जवळचा असतो, हे खरे आहे. अमेरिकेत १९८० साली नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या तोंडी चोखणी देऊन पाहिले. एका तऱ्हेने चोखले की आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या तऱ्हेने चोखले की परक्या बाईचा. बाळे आईचा आवाज येईल अशा तऱ्हेने चोखू लागली! आता सांगा, आपला गळा चांगला नाही म्हणून लाजायचे कोणापुढे? बाळाला जगातला सर्वांत गोड गळा आपलाच वाटतो.

मोबाइलबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडदा दाखवूच नये. गाणे ऐकवायला यंत्र लावले तरी पडदा पालथा ठेवावा आणि आवाज बेताचा असावा. इचलकरंजीत यंत्रमागांचा खडखडाट काय कमी आहे, की बारशालाही भोंगे लावावेत? कानठळ्या बसवणाऱ्या आवाजापासून तान्ह्याला दूरच न्यावे. आणखी एक. भांडे पडले तरी बाळ दचकत नाही, हाक मारली तरी त्याला काहीच जाणवत नाही, असे दिसले तर ‘पुढे सुधारेल’ म्हणून थांबू नये. डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत.

मुलीला मी इतकेच म्हटले, “तू गातेस कोणासाठी? त्या बाईंसाठी की बाळासाठी?” त्या रात्री तिने ‘सैराट’मधले, वरातीत हमखास वाजते ते गाणे इतके संथ करून म्हटले, की ते कोणते हे मला आधी ओळखूच आले नाही. ओळखले तेव्हा दोघींनाही हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ती हसली होती. पण गाणे म्हणजे औषध नव्हे, म्हणून तिला डॉक्टरांकडेही नेले. बाळंतिणीचे रडू दोन आठवड्यांवर टिकले तर घरच्यांनी अंगावर काढू नये. हे सर्वजणींनी लक्षात ठेवावे.

आता नातू पाच महिन्यांचा आहे. त्याच्या आईचे गाणे सुरू झाले की पाय झाडायचे थांबतो. माझे सुरू झाले की मान वळवून माझ्याकडे बघतो. दोन्ही गाणी सिनेमातली, आणि त्याच्या लेखी दोन्ही घरची.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपण एक वही करावी. प्रत्येकीने आपल्या बाळाला कोणते गाणे म्हटले, ते कोठे ऐकले, कोणाकडून शिकले, हे त्यात लिहावे. लिहिता येत नसेल तिने सांगावे, दुसरीने लिहून घ्यावे. घरात आजोबा, बाबा, मामा गात असतील तर त्यांचीही गाणी घ्यावीत. कोणाच्याही गाण्याला नाव ठेवायचे नाही, हा एकच नियम. पुढच्या वर्धापनदिनी ती वही भरलेली दिसावी, अशी माझी इच्छा आहे.