क्रुसावरची तलवार



खडकीला एक युद्धस्मशानभूमी आहे. पुण्यात जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी ती रस्त्यावरूनच पाहिलेली असते. आत कातरलेली हिरवळ, शिस्तीत ओळीने उभ्या शिळा आणि एक उंच दगडी क्रूस. लांबून तो नुसता क्रूस वाटतो. जवळ गेलं की दिसतं, त्याच्या अंगावर ब्रॉन्झची तलवार जडवलेली आहे, टोक खाली. रेजिनाल्ड ब्लॉमफिल्ड नावाच्या इंग्रज वास्तुरचनाकाराने पहिल्या महायुद्धानंतर ही रचना केली. ब्रिटिश साम्राज्याचे सैनिक जिथे जिथे मोठ्या संख्येने पुरले आहेत, तिथे बहुतेक ती तुम्हाला सापडेल.

मी सात-आठ वर्षांचा असताना माझे मामा मला तिथे घेऊन गेले होते. मामा लष्करात सुभेदार. आमच्या घरात येशूच्या तसबिरीशेजारीच त्यांचा वर्दीतला फोटो होता आणि रविवारी दोन्ही काचा एकाच फडक्याने पुसल्या जात. मी तलवारीकडे बोट दाखवून विचारलं, "मामा, येशूला तलवारीने मारलं होतं का?" मामा म्हणाले, "नाही रे, खिळ्यांनी." मग थोडं थांबून म्हणाले, "ही तलवार आपली आहे."

संयोजकांनी मला दिलेला विषय असा: ख्रिस्ती माणसाला युद्धाचं समर्थन करता येतं का? करता येतं की नाही हे बाजूला ठेवा. तो सतराशे वर्षं ते करत आला आहे, तेही स्तोत्रं गात. तेव्हा मला प्रश्न थोडा वळवून घेऊ द्या. युद्ध आलं की पुरावा कोणी द्यायचा, लढायला निघालेल्याने की 'मी येत नाही' म्हणणाऱ्याने?

शास्त्राधाराची लढाई मी इथे लढणार नाही, कारण ती कोणीच जिंकत नाही. एका बाजूला डोंगरावरचं प्रवचन, आणि गेथशेमाने बागेत पेत्राला तलवार म्यान करायला लावणारा येशू. दुसऱ्या बाजूला कफर्णहूमचा शताधिपती. येशूने त्याच्या विश्वासाची वाखाणणी केली, पण नोकरी सोड असं काही सांगितलं नाही. शिवाय पौलाचं रोमकरांस पत्र, अध्याय तेरावा, जो प्रत्येक सरकारचा आवडता अध्याय आहे. आणि तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एव्हाना गीता आली असेल. येऊ द्या. मी आता ज्याची गोष्ट सांगणार आहे, तो धनुष्य खाली ठेवून बसला आणि पुन्हा उचललंच नाही असा अर्जुन आहे. रथात त्याला 'ऊठ, लढ' म्हणणारे पुष्कळ होते. त्यातले काही झगा घातलेले होते.

त्याआधी एक जुना कागद पाहू. 12 मार्च 295. आजच्या अल्जीरियातलं तेबेसा हे गाव. मॅक्सिमिलियन नावाच्या एकवीस वर्षांच्या पोराला भरतीसाठी उभं केलं आहे. सैनिकाच्या गळ्यात शिशाची मुद्रा घालायची पद्धत होती. तो म्हणतो, मी ख्रिस्ती आहे, मी ही घालणार नाही. रोमन अधिकारी वैतागतो आणि म्हणतो की खुद्द सम्राटांच्या पदरी ख्रिस्ती शिपाई आहेत, ते लढतात, मग तुलाच काय झालं? पोराचं उत्तर असं की त्यांचं त्यांना ठाऊक, मला माझं ठाऊक. त्याच दिवशी त्याचं डोकं उडवलं गेलं. मला या संवादात हुतात्म्याइतकाच तो अधिकारीही महत्त्वाचा वाटतो. 'तुमच्यातलेच बाकीचे लढतात ना' हा युक्तिवाद रोमनांनी शोधला. पुढे चर्चने तो उचलला आणि अजून खाली ठेवलेला नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत चक्र असं फिरलं की पाचव्या शतकाच्या आरंभी, ख्रिस्ती नसलेल्याला शाही सेवेत जागा नाही, असं फर्मान निघालं.

मधे न्याय्य युद्धाचा विचार मांडणारा ऑगस्टीन होऊन गेला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस आला आणि त्याने न्याय्य युद्धाच्या तीन अटी घातल्या: युद्ध पुकारणारा अधिकारी वैध हवा, कारण न्याय्य हवं, हेतू शुद्ध हवा. लोक समजतात की हे युद्धाला दिलेलं परवानापत्र आहे. वास्तविक अक्वायनसने प्रश्नच असा मांडला आहे की युद्ध करणं हे नेहमी पाप असतं का? म्हणजे सुरुवात पापाच्या संशयापासून आहे. तीनपैकी एक अट ढळली, तरी युद्ध पाप ठरतं. गाडीला ब्रेक म्हणून बसवलेली ही वस्तू होती. सहा-सातशे वर्षं आपण ती भोंग्यासारखी वाजवली.

आता त्या अर्जुनाकडे, एका शेतकऱ्याकडे येतो. ऑस्ट्रियात सांक्ट राडेगुंड नावाचं खेडं आहे. हिटलरचं जन्मगाव ब्राउनाउ, त्याच जिल्ह्यातलं. फ्रान्झ येगरश्टेटर तिथे 1907 मध्ये जन्मला. तरुणपणी चांगलाच उनाड. गावात पहिली मोटारसायकल आणली ती त्याने. 1936 मध्ये फ्रान्सिस्काशी लग्न झालं, दोघं रोमला जाऊन आली, आणि गडी बदलला.  पुढे चर्चमध्ये घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, मिस्सेची तयारी करणं ही कामं तो करी.

मार्च 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. 10 एप्रिलला सार्वमत होतं. ऑस्ट्रियाच्या बिशपांनी 'होकार द्या' असं पत्रक काढलं होतं. गावातलं एकमेव 'नाही' फ्रान्झचं होतं. गावाने ते दाबून शंभर टक्के होकार कळवला. हे मात्र मला फार ओळखीचं वाटतं; गावाची अब्रू राखण्यासाठी एकाचं मत गिळून टाकणारी माणसं कुठल्याही खेड्यात भेटतात, आणि ती वाईटच असतात असं नाही.

त्याच वर्षी त्याला स्वप्न पडलं. एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून येते आहे आणि पोरंटोरं, मोठी माणसं, सगळे तिच्यात चढायला धावताहेत. कोणीतरी सांगतं की ही गाडी नरकाला चालली आहे. त्याने अर्थ लावला की गाडी म्हणजे नाझी राजवट.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फ्रान्झ सरसकट सगळ्या युद्धांच्या विरोधात नव्हता. 1940-41 मध्ये काही महिने त्याने सैन्यात प्रशिक्षणही घेतलं आणि शेतीसाठी म्हणून सुटून घरी आला. परत बोलावलं तर जायचं नाही, हे त्याने त्यानंतर ठरवलं. त्याचा हिशेब सोपा होता: हे युद्ध लुटीचं आहे, कारण न्याय्य नाही, हेतू शुद्ध नाही, म्हणून यात बंदूक उचलणं माझ्यासाठी पाप. अक्वायनसच्याच अटी या. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या एका शेतकऱ्याने गोठ्यात आणि शेतात उभं राहून त्या एकेक करून तपासल्या.

तो कागदावर प्रश्न लिहून लिंझच्या बिशपांकडे गेला. बिशप योसेफ फ्लीसर यांनी सांगितलं, तुझ्यावर बायकामुलांची जबाबदारी आहे. सरकार काय करतं, याची जबाबदारी तुझ्यावर नाही. फ्रान्सिस्का बाहेर बसली होती. फ्रान्झ खिन्न होऊन बाहेर आला. तिने पुढे सांगितलं आहे की तो म्हणाला, त्यांचीच हिंमत होत नाही, नाहीतर पाळी त्यांच्यावर यायची. त्याला वाटलं, बिशप आपल्याला गुप्तहेर समजले असतील. आणि त्याने त्यांना मनातून माफही करून टाकलं.

1 मार्च 1943 ला तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याने नकार सांगितला. जखमींची शुश्रूषा करायला मी तयार आहे, असंही म्हणाला. कोणी ते मनावर घेतलं नाही. त्या सैन्याच्या कमरपट्ट्याच्या बकलावर जर्मन अक्षरं कोरलेली असत, अर्थ: देव आमच्याबरोबर आहे. त्या बकलाच्या लोकांनी त्याला 6 जुलैला मृत्युदंड सांगितला आणि 9 ऑगस्टला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात गिलोटिनखाली दिला. वय 36. मागे फ्रान्सिस्का आणि तीन लहान मुली. गावाने दोष दिला तो फ्रान्सिस्कालाच: हिनेच त्याला देवदेव शिकवलं. विधवेचं निवृत्तिवेतन तिला 1950 पर्यंत मिळालं नाही. त्याच गावातल्या, हिटलरसाठी लढून मेलेल्यांच्या विधवांना ते मिळत होतं.

युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, ही कथा धर्मप्रांताच्या पत्रात छापायची वेळ आली तेव्हा याच बिशप फ्लीसरांनी ती अडवली. त्यांचं म्हणणं, आपलं कर्तव्य समजून लढले आणि मेले ते तरुण अधिक मोठे वीर. मी त्यांच्यावर दात धरत नाही. त्यांच्या धर्मप्रांतातली हजारो घरं पोरं गमावून बसली होती. त्या आयांना काय सांगायचं? पण पुराव्याचा बोजा कोणावर टाकला गेला ते पाहा. जाणाऱ्या लाखोंना कोणी विचारलं नाही, तुम्ही कशाच्या आधारावर निघालात? न जाणाऱ्या एकाला मात्र बिशपपासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांनी विचारलं, आणि मेल्यावरही विचारत राहिले. आणखी एक टोचणारी गोष्ट: त्या राज्यात ज्यांनी शेकड्यांनी बंदूक नाकारली ते यहोवाचे साक्षीदार, ज्यांना आम्ही मोठ्या चर्चची मंडळी धड ख्रिस्तीही मानत नाही.

गॉर्डन झान या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1964 मध्ये फ्रान्झवर पुस्तक लिहिलं तेव्हा जगाला त्याचं नाव कळलं. पुढच्या वर्षी ते नाव व्हॅटिकनच्या महासभेपुढे आलं, ते मुंबईच्या माजी आर्चबिशपांमुळे. थॉमस रॉबर्ट्स, इंग्रज येशूसंघी, 1937 मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. आपल्या जागी भारतीय माणूस हवा म्हणून ते आपणहून दूर झाले, 1950 मध्ये रीतसर राजीनामा दिला आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. खुर्ची सोडायची सवय असलेला माणूस हा. त्यांनी लेखी निवेदनात फ्रान्झचं उदाहरण देऊन म्हटलं की अशा एकट्या माणसामागे चर्चने उभं राहायला हवं. 7 डिसेंबर 1965 ला मंजूर झालेल्या दस्तऐवजात, सदसद्विवेकाने शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी माणुसकीचे कायदे असावेत, अशी ओळ आहे. त्याच परिच्छेदात, सर्व उपाय थकल्यावर सरकारांना स्वसंरक्षणाचा हक्क आहे, हेही आहे. क्रूस आणि तलवार, पुन्हा एकाच दगडावर.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. लिंझपासून हाकेच्या अंतरावर माउटहाउझेन आहे, नाझींची छळछावणी. 5 मे 1945 ला तिचे दरवाजे उघडले ते अमेरिकन सैन्याने. तिथल्या सापळे झालेल्या माणसांना प्रार्थनेने नव्हे, चिलखती गाड्यांनी सोडवलं. हा मुद्दा हसून टाळणारा शांततावादी मला खरा वाटत नाही. त्या गाडीत बसलेल्या ख्रिस्ती पोराला मी पापी म्हणणार नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे फ्रान्झनेही म्हटलं नसतं.

पण त्याच सैन्याची दुसरी तारीख पाहा. 9 ऑगस्ट. आपल्याला 9 ऑगस्ट म्हटलं की 1942 आणि गवालिया टँक आठवतं. 1943 ची 9 ऑगस्ट फ्रान्झची. 1945 ची नागासाकीची. तिथलं उराकामी हे जपानमधल्या कॅथलिकांचं सर्वांत मोठं वस्तीस्थान. अडीचशे वर्षं पाद्रीविना, लपूनछपून श्रद्धा जपलेल्या घराण्यांचं. बॉम्ब त्यांच्या डोक्यावर फुटला, आणि विमान चालवणारा वैमानिक कॅथलिक होता. टिनियन बेटावर त्या वैमानिकांच्या तुकडीचे पाद्री होते जॉर्ज झाबेल्का. त्यांनी पुढे जाहीर पश्चात्ताप केला, आणि आपण गप्प राहिलो असा स्वतःवर आरोप ठेवला. शंभर दिवसांच्या आत एकाच ध्वजाखाली एक काम अटींत बसलं आणि दुसरं बसलं नाही. म्हणूनच 'हे युद्ध न्याय्य' असा शिक्का एकदा मारून भागत नाही. तो रोज सकाळी नव्याने तपासावा लागतो, आणि तपासणारा पाद्री छावणीच्या पगारावर असला की पंचाईत होते. मार्च 2024 मध्ये रशियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख पॅट्रिआर्क किरील यांच्या अध्यक्षतेखालच्या सभेने युक्रेनवरच्या युद्धाला 'पवित्र' म्हटलं. तिथे अटींचा कागद कोणी काढलाच नाही.

माझे मामा 1971 च्या युद्धात होते. म्हातारपणी मी त्यांना विचारलं, तेव्हा तुम्हाला काही खटकलं होतं का? ते म्हणाले, "निघताना पाद्रीसाहेबांनी डोक्यावर हात ठेवला. बरं वाटलं. पण विचारलं काही नाही. विचारायला हवं होतं, मग मीही विचार केला असता." 1971 चं उत्तर कदाचित 'जा' असंच आलं असतं. मामांची तक्रार उत्तराबद्दल नव्हती.

बर्लिनच्या न्यायालयाने फ्रान्झची शिक्षा 1997 मध्ये रद्द केली. 26 ऑक्टोबर 2007 ला लिंझच्या कॅथेड्रलमध्ये त्याला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित करण्यात आलं. त्या वेळचे पोप बेनेडिक्ट, साल्झाक नदीपलीकडच्या बव्हेरियाचे, फ्रान्झ तुरुंगात गेला त्याच वर्षी हिटलरच्या विमानविरोधी तोफांवर जुंपले गेलेले शाळकरी पोर होते. 26 ऑक्टोबर हा ऑस्ट्रियाचा राष्ट्रीय दिन. 1955 मध्ये त्याच तारखेला त्या देशाने कायमच्या तटस्थतेचा कायदा केला. 2007 च्या त्या दिवशी फ्रान्सिस्का 94 वर्षांची होती. ज्या शहरात ती एकदा बिशपांच्या दाराबाहेर नवऱ्याची वाट पाहत बसली होती, त्या शहरात ती या वेळी आत, पुढे बसली होती.