पेट्रोलची वाट
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वैशाखातल्या दुपारी संग्रामपूरहून सोनाळ्याकडे जाताना एखादी जुनी पद्मिनी कडुनिंबाखाली बॉनेट उघडून उभी असली, की भोवती जमलेल्या चार माणसांपैकी तिघं एकच निदान सांगतात, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला." लगेच पाना निघतो, कार्ब्युरेटर सुटतो, आणि पुष्कळदा गाडी तरीही हलत नाही. कारण बिघाड तिथे नसतोच.

ही गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला बनायची. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या टॅक्सींतूनही गेली. तिचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. म्हणून विनाकारण उघडलेला एकेक भाग महागात पडतो.

गझल लिहिणाऱ्याला एक सवय असते. ओळ अडखळली तर तो सगळा शेर फाडत नाही. पहिल्या अक्षरापासून मात्रा मोजत येतो. गाडीचंही तसंच. प्लगला करंट येतो ना, हे आधी पाहावं. येत असेल, तर टाकीपासून पेट्रोलची वाट धरावी: टाकी, नळी, पंप, कार्ब्युरेटर.

इंजिन थंड असताना एअर फिल्टर काढा आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहत अॅक्सिलरेटर दाबा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली, तर पेट्रोल तिथवर पोचतं आहे. धार नसेल, तर कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडवून बाटलीत धरा, कॉइलची तार काढा आणि सेल्फ मारा. जवळ विडी-सिगारेट नको, हे सांगायला नकोच. ठोक्याठोक्याने पेट्रोल आलं, तर पंप बरा आहे आणि दोष पुढे, फ्लोटच्या नीडलपाशी. नाही आलं, तर मागे चला. ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा रबरी पडदा फाटला असं समजा. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल इंजिन खातं.

आता दोन फसवे आजार. गाडी दहा-पंधरा किलोमीटर नीट चालते, मग झटके खात बंद पडते, आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते. अशा वेळी प्रथम टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजलं आहे. एका काडीचं काम. झाकण उघडूनही फरक पडला नाही, पण पंपावर ओलं फडकं ठेवून थांबल्यावर पडला, तर तो उन्हाचा खेळ. पेट्रोलमधला हलका भाग चाळीस अंशांच्या आतच उकळू लागतो. इंजिनाला चिकटलेल्या पंपात त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो. आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्यात हे व्हायचंच.

त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ज्वारी-मक्याला त्यातून गिऱ्हाईक मिळतं, ही चांगलीच गोष्ट. पण इथेनॉल हवेतली ओल शोषतं, जुन्या टाकीतला मळ सोडवतं आणि त्या काळचं रबर फुगवतं किंवा तडकवतं. तेव्हा जुन्या नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घाला, फिल्टर लवकर लवकर पाहा, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. नळी पाझरताना दिसली, तर ती बदलेपर्यंत किल्लीला हात लावू नका. गरम इंजिनावर पडलेला पेट्रोलचा थेंब गाडीच काय, माणूसही जाळतो.

वडिलांची गाडी भंगारवाल्याला देण्याआधी एवढी तपासणी करा. दोष वीतभर नळीचा निघाला, तर गाडी दारातच राहील.