आडनावातलं गाव

पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, चेऊलकर. ही आडनावं ऐकली की लगेच कळतं, मंडळी रायगडाकडची. पण याच आडनावांची माणसं आज इस्रायलमध्ये, अश्दोद, दिमोना, लोद अशा शहरांतही राहतात. ही बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी बोलणारी ज्यू माणसं.

त्यांच्यात सांगतात ते असं. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं. सात बाया आणि सात पुरुष तेवढे वाचले. पुढे वंश वाढला, गावोगाव पांगला. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवार त्यांचा धर्माचा सुट्टीचा वार, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. धर्म वेगळा, पण बाया आपल्यासारखंच लुगडं नेसायच्या. आणि ज्या गावात राहिले त्या गावाला ‘कर’ लावून आडनाव घेतलं.

मग पोटापाण्यासाठी ही माणसं मुंबईला गेली, पलटणीत शिरली. समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं १८७९ चं. आपण शीळफाट्यावरून मुंब्र्यामार्गे ठाण्याला जातो ना, सिव्हिल हॉस्पिटलच्या त्याच भागात आहे ते. १९४८ ला इस्रायल देश झाला आणि पुष्कळ जण तिकडे गेले. गाव सुटलं, समुद्र ओलांडला, तरी नावाला पेण, रोहा चिकटून राहिलं. तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी मासिकही निघालं.

मला यातली एक बाई फार आवडते. डॉ. जेरुशा झिराड. झिराड म्हणजे अलिबाग-मांडवा रस्त्यावरचं गाव, इथे नुसता ‘कर’ गळलाय. बाईंचा जन्म १८९० चा, तोही लांब कर्नाटकात, शिमोग्याला. लंडनला जाऊन १९१९ मध्ये त्या बाळंतपणाच्या शास्त्रातल्या एम. डी. झाल्या. पुढे १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. १९६६ ला पद्मश्री. किती बायांची बाळंतपणं सुखरूप झाली असतील त्यांच्या हाताखाली! कागदावर मात्र प्रत्येक ठिकाणी त्या छोट्या गावाचं नाव.

आता आपलं बघा. आपल्या गटात कुणी इथलीच, कुणी जालन्याची, कुणी खानदेशातली. लग्न झालं की आडनाव बदललं. आधारवर सासरचं, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं; बँकेत कर्जाच्या अर्जाला किती फेऱ्या होतात ते तुम्ही जाणताच. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि राजपत्रातली नोंद जपून ठेवा, तो त्रास वाचतो. पण आजीचं माहेरचं आडनाव? ते तर कुठल्याच कागदावर नसतं. आमच्या बैठकीत विचारलं, तर निम्म्या जणींना सांगता आलं नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लागतं, हे बरंच झालं. आडनाव मात्र बापाचंच.

म्हणून आम्ही गटाच्या वहीच्या मागच्या पानावर रकाने आखलेत: आई, आजी, पणजी, त्यांचं माहेरचं आडनाव, गाव. ज्यांच्या आजी हयात आहेत त्यांनी या रविवारीच फोन करावा. पणजीचं नाव त्यांनाच ठाऊक आहे.