दवण्याची ऊब आणि पायांवरची सूज

आपण देवाला दवणा वाहतो. त्याच्याच कुळातली एक वनस्पती चीनमध्ये औषध म्हणून जाळतात. वाळलेली पाने कुटून त्यांचा कापूस करायचा, कागदात वळून कांडी करायची आणि तिचे पेटते टोक कातडीपासून थोडे दूर धरून शेक द्यायचा. चांगशा शहराजवळच्या, इ. स. पूर्व १६८ मधल्या थडग्यात १९७३ साली सापडलेल्या रेशमी लेखांतही ही विद्या आहे.

अंगात पाणी साठले, की तिथले वैद्य बेंबीच्या वर अंगठाभर अंतरावर ऊब देतात. त्या जागेचे नावच मुळी ‘पाण्याची वाटणी’! उबेने बरे वाटते, हे खरे. पण पाणी उतरते, असे भक्कमपणे सिद्ध झालेले नाही.

तेव्हा आधी सूज बोटाने दाबून पाहा. खळगा तसाच राहिला, तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत यांचे दुखणे असू शकते. शेकत बसू नका. डॉक्टरांकडून तपासून घ्या. दम लागत असेल, तर लगेच दवाखाना गाठा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर विस्तव जवळ आणूच नका. भाजलेले कळतही नाही.

गुरुजींनी ही बोटाची परीक्षा मुलांना जरूर शिकवावी. घरी आजीआजोबांचे पाय तीच तर चेपतात!